भंडारदरा ते लोणी : जुन्या गाड्यांतून एक दिवस



गाळप हंगाम ऐन भरात असताना पत्रिकेची माणसं सहलीला गेली, असं कोणी म्हणू नये म्हणून आधीच सांगतो. संक्रांतीनंतरचा रविवार होता, आमची साप्ताहिक सुट्टी होती, आणि पेट्रोल ज्याचं त्याने घातलं होतं. कारखान्याचा एक पैसाही खर्च झालेला नाही. उलट या एका दिवसात आम्ही जे पाहिलं, त्यातून शेअर विभागाचं एक मोठं काम पुढं सरकलं. ते कसं, हे लेखाच्या शेवटी येईलच.

आपल्या कार्यक्षेत्रात अजून काही घरांच्या पडवीत जुन्या गाड्या आहेत. कुठं जीप, कुठं फियाट, कुठं अँबॅसडर. एकेकाळी गावात लग्न निघालं की त्यांना मान असे, बाळंतीण अडली की रात्री-अपरात्री त्याच धावत. आज त्यांच्यावर कोंबड्या बसतात. अशा तीन गाड्या चालू स्थितीत आहेत असं कळलं, तेव्हा आमच्या मनात आलं की या गाड्या घेऊन एकदा पाण्याच्या वाटेनं जावं. पाणी धरणातून निघून उसाच्या सरीपर्यंत येतं कसं, ते वरून खालपर्यंत पाहावं. वाट दाखवायला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक कालवा निरीक्षक मिळाले. सगळे त्यांना नाना म्हणतात, आम्हीही नानाच म्हणू. प्रवरेच्या पाण्यावर त्यांची उभी हयात गेली.

शनिवारी संध्याकाळी तिन्ही गाड्या भंडारदऱ्याला पोचल्या. सर्वांत पुढे १९६१ सालची उंच बोनेटची जीप. महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली ही. तिच्यामागे जुन्या घाटाची गोल फियाट, जिला आपल्याकडे सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात. आणि शेवटी एक अँबॅसडर. फियाट ज्या प्रीमियर कंपनीनं बनवली ती १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली. हेच वालचंद शेठ वालचंदनगरच्या साखर कारखान्याचे. म्हणजे फियाट आणि साखर यांचं नातं तसं जुनंच.

आता जीपबद्दल थोडं सांगायला हवं. ती आपल्या एका दिवंगत सभासदाची. त्यांना सहा वर्षांपूर्वी देवाज्ञा झाली. उसाच्या बिलातून पैसे साठवून त्यांनी ती १९६४ साली वापरलेली घेतली होती. १९७२ च्या दुष्काळात हिच्यावर पिंपं बांधून त्यांनी वाडीवस्तीला पिण्याचं पाणी पोचवलं, हे त्या भागातले म्हातारे लोक अजून सांगतात. त्यांच्या मागं दोन मुलं. थोरले शेती करतात, धाकट्यांचं तालुक्याच्या गावी गॅरेज आहे. वडील गेल्यावर जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं, घर मधोमध भिंत घालून वाटलं. राहिली ती जीप. मुंबईचा एक हौशी गृहस्थ तिला चांगली रक्कम द्यायला तयार होता. धाकटे म्हणाले विकू, थोरले म्हणाले मी असेपर्यंत नाही. त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. सहा वर्षं झाली, एका बांधावर उभे राहिले तरी तोंड दोन दिशांना.

सहलीला थोरले जीप घेऊन आले. धाकटे आले ते फियाटमधून, कारण फियाटच्या मालकांना वाटेत काही बिघडलं तर मेस्त्री बरोबर हवा होता. दोघंही येणार आहेत हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं. पण आम्ही बोललो नाही, ही चूक म्हणा की आणखी काही.

रविवारी पहाटे भंडारदऱ्याला कडाक्याची थंडी होती. जलाशयावर धुकं, पलीकडं रतनगडाचा डोंगर अर्धा दिसत होता. प्रवरा तिकडूनच उगम पावते. नानांनी आम्हाला धरणाच्या भिंतीकडं नेलं. हे विल्सन धरण. काम सुरू झालं १९१० साली, पुरं झालं १९२६ साली. उंची सुमारे २७० फूट, साठा अकरा टीएमसीच्या आसपास. शंभरीला टेकलेली दगडी भिंत.

नाना म्हणाले, "ही भिंत एकदा आजारी पडली होती, माहीत आहे का? १९६९ साली तडे दिसले, गळती वाढली. खालच्या गावांच्या पोटात गोळा आला. मग मागून आधारभिंती बांधल्या, दुरुस्ती केली. आज उभी आहे ती त्या टेकूंवर. धरण बांधणाराचं नाव सगळे घेतात, टेकू देणाराचं कोणी घेत नाही."

साडेसातला निघालो. आम्ही जीपच्या मागच्या आडव्या बाकावर, नाना पुढं. या जीपची पेट्रोलची टाकी चालवणाराच्या बैठकीखाली असते. पंपावर गेलं की मालकानं उठायचं, गादी उचलायची, मग पेट्रोल. थोरले हसून म्हणाले, "आमचे तात्या म्हणायचे, या गाडीत मालकाला बसून राहायची सवय लागत नाही." मैलाचा काटा कधीच बंद पडलेला, त्यामुळं अंतर आम्ही गावांवरून मोजलं. तीन गिअरची पेटी, पहिला टाकताना दाताला दात लागून जो आवाज होतो, त्यानं रस्त्याकडेची गुरंसुद्धा मान वर करत होती.

रंधा धबधब्याला थांबलो. पावसाळ्यात इथं उभं राहवत नाही एवढं पाणी कोसळतं. जानेवारीत मात्र कड्यावरून बारीकशी धार.

राजूरच्या अलीकडं पोलिसांची नाकाबंदी होती. तीन जुन्या गाड्या ओळीनं येताना पाहून हवालदारांना गंमत वाटली असावी. त्यांनी कागद मागितले. फियाट आणि अँबॅसडरचे कागद ठीक निघाले. जीपचं पुस्तक पाहून त्यांनी विचारलं, "मालक कोण? गाडीत आहेत का?"

थोरले गप्प. मागून धाकटे उतरून आले होते, तेही गप्प. शेवटी थोरले म्हणाले, "मालक वारले."

"कधी?"

"सहा वर्षं झाली."

हवालदार वयानं मोठे होते. त्यांनी दोघांकडं पाहिलं. चेहरेपट्टीवरून ओळखलं असावं. म्हणाले, "विम्याचा कागद दिसतोय, पण तोही वडिलांच्याच नावानं. उद्या कोणाला ठोकर लागली तर कोर्टात उभं कोण राहणार? मेलेला माणूस?" मग पुस्तक परत देत म्हणाले, "आज सोडतो. गाडी थेट घरी न्या आणि आधी नावावर करा."

त्यानंतर जीपमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही. आम्हालाही जरा लाजल्यासारखं झालं. सहल ठरवताना आम्ही चाकं, ब्रेक, दिवे, विमा सगळं विचारलं होतं. नाव कोणाचं, हे विचारलं नव्हतं.

थोडी वाट वाकडी करून निळवंडे धरण पाहिलं. याची हकीकत आपल्या प्रत्येक सभासदानं ऐकावी अशी आहे. या धरणाची कल्पना १९७० साली पुढं आली. डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं ते मे २०२३ मध्ये, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते कालव्याचं लोकार्पण झालं. त्रेपन्न वर्षं. खर्चाचा आकडा पाच हजार कोटींच्या वर गेला. ज्यांनी तरुणपणी या पाण्यासाठी मोर्चे काढले, त्यांच्यापैकी कितीतरी जण पाणी पाहायला उरले नाहीत. नाना म्हणाले, "पाण्याची वाट पाहणारा एक असतो आणि पाणी पिणारा दुसरा. म्हणून अर्ज करताना पोराचं नाव लावून ठेवावं."

हे ते पाणी अर्जाबद्दल बोलले की आणखी कशाबद्दल, ते त्यांनाच माहीत.

अकोले जवळ आलं आणि जीपनं गचके खाल्ले. दोन आचके दिले, खोकली, आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. थोरल्यांनी स्टार्टर मारून पाहिला. बॅटरीचा जीव तेवढ्यातच संपला. मागून फियाट येऊन थांबली. धाकटे उतरले, काही न बोलता बोनेटच्या दोन्ही बाजूंचे खटके काढले, बोनेट वर केलं आणि पेट्रोल पंपाची काचेची वाटी सोडवली. वाटी उन्हात धरून आम्हाला दाखवली. तळाला तांबूस चिखल साचला होता.

"हे काय?" आम्ही विचारलं.

"टाकीतला गंज. आणि तो सोडवला कोणी, तर तुमच्या उसानं," धाकटे म्हणाले.

मंडळी, इथं आम्हाला नवीन काही शिकायला मिळालं. आज पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. ते बनतं उसाचा रस, मळी आणि मका-तांदळासारख्या धान्यापासून. त्यानं आपल्या कारखानदारीला चांगला आधार दिला, यात शंका नाही. नव्या गाड्या त्यासाठीच बनवलेल्या असतात. पण साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचं तसं नाही. इथेनॉल जुन्या टाकीत चिकटून बसलेला गंज आणि गाळ सुटा करतं, तो पुढं जाऊन जाळीत नाहीतर वाटीत अडकतो. हवेतला ओलावाही ते ओढून घेतं, त्यामुळं गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीत गंज वाढतो. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा फुगतात, चिरतात. उपाय सोपा आहे : टाकी एकदा धुऊन घ्यावी, रबरी भाग आजच्या पेट्रोलला टिकणारे बसवावेत, वाटी वरचेवर साफ करावी, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नये. ज्यांच्याकडं जुनी मोटारसायकल आहे त्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

"आपल्याच उसाचं, आपल्याच जीपला बाधलं," अँबॅसडरवाले म्हणाले आणि सगळे हसले. थोरलेही हसले.

वाटी साफ झाली, नळीत फुंकर मारून झाली. आता गाडी चालू करायची तर बॅटरी नाही. हँडल मारायला हवं. हँडल मारणं हे एकट्याचं काम नव्हे. पुढं एकानं हँडल फिरवायचं, आत दुसऱ्यानं चोक आणि अॅक्सिलेटर सांभाळायचा. धाकट्यांनी पुढं हँडल बसवलं. थोरले बैठकीवर बसले. आम्ही सगळे बाजूला उभे. एकदा फिरवलं, काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. तिसऱ्यांदा धाकट्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि खाली मान घालूनच म्हणाले,

"दादा, चोक ओढ."

"ओढलाय रे. अंगठा वर ठेव, उलटं मारलं तर हात मोडंल."

"ठाऊक आहे. तात्यांनीच शिकवलंय ना."

"म्हणून तर सांगतो. त्यांचाच मोडला होता."

चौथ्या फेऱ्याला इंजिन धरलं. धुराचा लोट निघाला आणि जीप थरथरत उभी राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी काही म्हटलं नाही. धाकटे हँडल घेऊन फियाटकडं निघाले. थोरले म्हणाले, "हँडल जीपचं आहे. इकडंच बस." ते बसले. आम्ही उठून फियाटमध्ये गेलो.

वनभोजनाची सोय अकोल्याच्या खाली, नदीकाठी, आपल्या एका सभासदाच्या सोयऱ्यांच्या मळ्यात केली होती. बांधावर लिंबाची सावली, पलीकडं ज्वारी निसवलेली, खाली प्रवरेचं पाणी. घरच्या बायामाणसांनी पहाटेपासून खपून स्वयंपाक केला होता, त्यांचे आभार इथं मानायलाच हवेत. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा, गुळाची पोळी आणि वर तुपाची धार. आगटीत भाजलेला हुरडा गरम गरम हातावर चोळून मिळत होता. शहरातून येणारे लोक आता हुरड्यासाठी पैसे मोजतात. आपल्या बांधावरच्या गोष्टीला मोल आहे, हे आपल्यालाच उशिरा कळतं.

जेवताना साहजिकच विषय निघाला तो जीपच्या कागदांचा. अँबॅसडरवाल्यांनी आपल्या गाडीसाठी आर.टी.ओ.त बऱ्याच खेपा घातल्या होत्या, त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. सभासदांच्या उपयोगाचं म्हणून इथं देतो.

वाहनाचा मालक वारला, तर वारसानं तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं. तसं कळवलं की तीन महिन्यांपर्यंत वाहन वापरता येतं, आणि त्या तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून वाहन आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. मृत्यूचा दाखला, वाहनाचं पुस्तक, विमा आणि इतर वारसांची संमती लागते. वेळ टळली तर दंड पडतो, पण काम अडून बसत नाही. हीच गोष्ट ट्रॅक्टरला, मोटारसायकललाही लागू आहे.

दुसरं असं की, २०२१ च्या जुलैपासून केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली आहे. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी. तिचा सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं, त्यात मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये ठेवली गेली आणि नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. आपल्याकडं पुष्कळ जीपांना मागं डिझेल इंजिनं बसवली गेली, त्यांना या नोंदणीत अडचण येणार.

"हिचं इंजिन मूळचंच आहे," थोरले म्हणाले.

"डिझेल बसवू म्हणून मीच तात्यांच्या मागं लागलो होतो," धाकटे म्हणाले. "ऐकलं नाही त्यांनी. बरं झालं."

मग थोडा वेळ दोघं बोलले ते फक्त जीपचंच. टाकी कोणी धुवायची, रबरं कुठं मिळतील, पावसाळ्यात गाडी पडवीत भिजते ती गॅरेजच्या पत्र्याखाली ठेवावी का. वाटणीबद्दल, भिंतीबद्दल, त्या मुंबईच्या गृहस्थाबद्दल एक शब्द नाही. घरच्या मावशी वाढायला आल्या, त्यांनी दोघांच्या पानात गुळाची पोळी वाढली आणि म्हणाल्या, "संक्रांत होऊन गेली, पण तीळ अजून संपले नाहीत. खा." दोघांनीही खाल्ली.

हवालदारांचा शब्द मोडायचा नाही म्हणून जीप तिथून सरळ घराकडं वळली. थोरले चालवत होते, धाकटे शेजारी हँडल मांडीवर घेऊन. आम्ही उरलेल्या दोन गाड्यांतून संगमनेर ओलांडून ओझरला आलो. इथल्या बंधाऱ्यावर नदीचं पाणी अडतं आणि प्रवरेचे डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. धरणातलं पाणी उसाचं होतं ते इथून पुढं. नानांनी आवर्तन, शेजपाळी, पाटकऱ्याची रात्रपाळी, टेलच्या शेतकऱ्याचं दुखणं सगळं सांगितलं. त्यांचं एक वाक्य ध्यानात राहिलं : "कालव्यावर भांडण पाण्याचं नसतं, पाळीचं असतं. माझी पाळी मला कळली, की निम्मी भांडणं मिटतात."

दिवस मावळताना लोणीला पोचलो. प्रवरेच्या कारखान्याची चिमणी धूर सोडत होती, उसानं भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रांगेत होत्या. १९५०-५१ च्या हंगामात इथं सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप झालं. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून लहान लहान शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पाठीशी उभा राहिला. पुढं गावोगाव, आपल्याकडंही, कारखाने उभे राहिले ते त्याच वाटेनं. एकेक भाग घेताना कोणी दागिना मोडला असेल, कोणी बैल विकला असेल. तो कागदाचा तुकडा नव्हता, ती घरातली मालमत्ता होती.

हे सगळं लिहिण्याचं कारण पुढं आहे.

सहलीनंतर पंधरा दिवसांनी दोघं भाऊ कारखान्यावर आले. एकाच गाडीतून नाही, पण एकाच दिवशी. जीप थोरल्यांच्या नावावर करायचं ठरलं होतं, धाकट्यांनी संमतीचा कागद केला होता. पावसाळ्यात ती गॅरेजच्या पत्र्याखाली राहील. विकायची की व्हीए पाटी लावायची, ते पुढं पाहू म्हणाले. पण कागद काढताना त्यांना ट्रंकेत वडिलांचे कारखान्याचे भाग सापडले. तेही सहा वर्षं वडिलांच्याच नावावर. नामनिर्देशन केलेलं नव्हतं. थोरले म्हणाले, "त्या हवालदारानं विचारलं, मालक कोण. तेव्हापासून झोप नाही. म्हटलं, इथं तरी कोणी विचारायच्या आधी यावं."

शेअर विभागात चौकशी केली तेव्हा कळलं की हे एकच प्रकरण नाही. मयत सभासदांच्या नावावर पडून असलेले भाग बरेच आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे मयत सभासदाचे भाग त्यांनी नेमलेल्या व्यक्तीच्या, आणि तसं कोणी नेमलेलं नसेल तर वारसाच्या नावे करण्याची तरतूद आहे. वारस नोंद झाली नाही, तर सभेत बसायला, मत द्यायला घरचं कोणी नाही. मतदार यादी लागते तेव्हा मग धावपळ आणि घराघरात तंटा.

म्हणून सभासदांना आमची विनंती आहे. संध्याकाळी दिवेलागणीला ट्रंक उघडा. कारखान्याचे भाग, सोसायटीचे भाग, सातबारा, ट्रॅक्टर आणि मोटारसायकलचं पुस्तक, सगळं एकदा डोळ्यांखालून घाला. नाव कोणाचं आहे ते वाचा. जे हयात आहेत त्यांनी नामनिर्देशनाचा अर्ज आजच भरावा, त्यानं हक्क कमी होत नाही. ज्यांचे वडील गेले आहेत त्यांनी भावा-बहिणींना, हो, बहिणींनाही, बरोबर घेऊन शेअर विभागात यावं. मृत्यूचा दाखला आणि भागाचा मूळ दाखला आणावा. बाकीचं काय लागतं ते कर्मचारी सांगतील, अर्ज भरायला मदतही करतील.

आणि पडवीत जुनी गाडी असेल तर तिच्यावरच्या कोंबड्या हाकला, वाटी साफ करा, आणि हँडल मारायला भावाला बोलवा. एकट्यानं ते होत नाही.